जुनी विंडोज जशीच्या तशी नव्या एसएसडीवर कशी न्यावी

सेवा केंद्र असो, हिशेबाचं ऑफिस असो, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान असो, नाहीतर पोरांच्या अभ्यासासाठी घेतलेला घरचा लॅपटॉप असो, गाऱ्हाणं सगळीकडे एकच ऐकू येतं: बटण दाबून चहा पिऊन आलो तरी मशीन चालू झालेलं नसतं. मागणीही ठरलेली असते. "भाऊ, मशीन फास्ट करी दे, पण मन्हं बठ्ठं जसं शे तसंच ऱ्हावाले पाहिजे." म्हणजे माझं सगळं जसं आहे तसंच राहिलं पाहिजे.

या दोन्ही गोष्टी एकत्र होतात. सात-आठ वर्षं जुन्या मशीनचा प्रोसेसर बहुतेक वेळा कामाचा असतो, अडवून धरते ती फिरणारी हार्ड डिस्क. लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला साधारण १०० एमबी देते. पण विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात, आणि तिथे तिचा वेग एखाद-दोन एमबीवर घसरतो. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. साधी साटा एसएसडी (साटा म्हणजे जुन्या हार्ड डिस्कचीच जोडणी) सलग वाचनात ५५० एमबीच्या आसपास जाते आणि बारीक फाइलींतही दमत नाही, कारण तिच्यात फिरणारं, सरकणारं काही नसतंच.

हे काम घरी करता येतं. त्याआधी एक नियम पक्का करून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: नवी डिस्क नीट चालते याची खात्री होईपर्यंत जुन्या डिस्कवरचं काहीही पुसायचं नाही. क्लोन म्हणजे नक्कल. नक्कल बिघडली तरी मूळ शाबूत असेल तर नुकसान होतं ते फक्त वेळेचं.

क्लोन करावं की नवी विंडोज टाकावी?

क्लोन म्हणजे टिश्यूकल्चरचं केळीचं रोप मातीच्या गोळ्यासकट शेतात लावण्यासारखं आहे. मुळं हलत नाहीत म्हणून रोप लगेच धरतं, पण मातीत रोग असेल तर तोही सोबत येतो. ज्या विंडोजमध्ये व्हायरस आहे, जी रोज निळा स्क्रीन दाखवते, किंवा जी कुणीतरी क्रॅक करून टाकलेली आहे, तिची नक्कल करून काही साधत नाही. घरच्या लॅपटॉपवर ब्राउझर, ऑफिस आणि फोटो एवढंच असेल तर मी सरळ नवी विंडोज टाकायला सांगतो. तासाभराचं काम आहे आणि मशीन मोकळं होतं.

कामाच्या मशीनचं तसं नाही. फिंगरप्रिंट स्कॅनर आधारशी जोडणारी आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते टोकन चालवणारा प्रोग्राम), तीन प्रिंटर, टॅली, जुने मराठी फॉन्ट आणि हाताला बसलेला कीबोर्ड लेआउट हे सगळं पुन्हा बसवायला दोन-तीन दिवस जातात, आणि समोर दाखल्यासाठी लोक उभे असतात. अशा ठिकाणी क्लोनच बरा.

विंडोज १० वाल्यांसाठी एक गोष्ट. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. क्लोन केल्यावरही ती विंडोज १० च राहील. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ वर जाता येतं, पण आधी क्लोन करा, आठवडाभर चालवा आणि मग अपग्रेड करा. दोन्ही एकाच दिवशी केलं आणि काही अडलं, तर दोष कुठला ते शोधता येत नाही.

कोणती एसएसडी घ्यायची

दुकानात जाण्याआधी आपल्या मशीनमध्ये काय बसतं ते बघा. लॅपटॉपचा मॉडेल नंबर खालच्या स्टिकरवर असतो, त्यावरून कंपनीच्या साइटवर कळतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या, सुरतेहून मागवा नाहीतर ऑनलाइन घ्या, पण पक्कं बिल घ्या. एसएसडीला तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते आणि बिलाशिवाय ती मिळवताना नाकी नऊ येतात.

प्रकार तीन आहेत. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसते, जुन्या मशीनला हीच घ्या. ती ७ मिलिमीटर जाड असते आणि काही जुन्या लॅपटॉपांचा कप्पा ९.५ चा असतो, तेव्हा सोबत येणारी प्लास्टिकची चौकट चिकटवून ती हलू द्यायची नाही. दुसरी एम डॉट टू साटा आणि तिसरी एम डॉट टू एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीची. या दोन्ही च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या, दिसायला जवळपास सारख्या, पण एकीच्या खाचेत दुसरी चालेलच असं नाही. फसगत होते ती इथे. सांध्याजवळ दोन खाचा असल्या तर बहुधा साटा, एक असली तर बहुधा एनव्हीएमई, पण त्यावर विसंबू नका, खोक्यावरचं वाचा. लांबीही बघा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. २०१४-१५ च्या आधीचे बहुतेक मदरबोर्ड एनव्हीएमईवरून चालूच होत नाहीत, मग ती कितीही वेगवान असो.

आता क्षमता. इथे लोक हमखास अडकतात. जुनी डिस्क ५०० जीबीची असेल आणि तुम्ही ४८० ची एसएसडी आणली, तर ती लहान पडते. वापरलेली जागा ९० जीबीच असली तरी पुष्कळ मोफत क्लोन प्रोग्राम पूर्ण डिस्कची मापं बघतात आणि "जागा कमी आहे" म्हणून थांबतात. पहिल्यांदाच करताय तर जुनीइतकी किंवा जुनीपेक्षा मोठी घ्या. ५०० ला ५००, ५१२ किंवा १ टीबी. जुनी १ टीबीची आणि बजेट ५०० चंच असेल, तर एसएसडी कंपनीचा स्वतःचा क्लोन प्रोग्राम मिळतो अशी कंपनी निवडा, कारण ते प्रोग्राम भरलेल्या जागेपुरतं आकुंचन करून देतात. नवी १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, एवढाच फरक आहे.

याशिवाय लागतात: यूएसबीतून डिस्क जोडायची साटा केबल किंवा एनव्हीएमईचं एन्क्लोजर (डिस्क आत घालून यूएसबीला जोडायची डबी), शून्य नंबरचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर आणि ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह. डेस्कटॉपला केबल-एन्क्लोजरची गरज नाही. त्यात साटाची दुसरी डेटा केबल आणि पॉवरची पिन जोडली की झालं.

आदल्या दिवशीची तयारी

घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको.

आधी जुन्या डिस्कची प्रकृती बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडला की डिस्कच्या नावाखाली रंग दिसतो. निळा म्हणजे ठीक. पिवळा असेल, म्हणजे "कॉशन", तर खालच्या यादीत "रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या ओळी बघा. तिथे आकडे चढलेले असतील तर डिस्कचे तुकडे खराब व्हायला लागलेत. अशा डिस्कवर क्लोन हा पहिला उपाय नव्हे. क्लोन प्रत्येक भरलेला कोपरा वाचतो, आणि मरणाऱ्या डिस्कला तासभर पळवणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं. आधी कामाच्या फाइली बाहेर काढा, बाकीचं नंतर.

प्रकृती चांगली असली तरी बॅकअप घ्यायचाच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि टॅलीचा डेटा वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करा. टॅलीचे कंपनीनिहाय फोल्डर १०००० सारख्या आकड्यांच्या नावाचे असतात. "हे काय आकडे" म्हणून ते वगळले जातात आणि मग वर्षाचा हिशेब गेलेला असतो. डीटीपीवाल्यांनी फॉन्टचं फोल्डरही घ्यावं.

लायसन्सचं काय? विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने साधारणपणे काही होत नाही. इतर सॉफ्टवेअरांची लायसन्सं मात्र डिस्कवरून मशीन ओळखू शकतात. टॅलीत लायसन्स सरेंडर करायची सोय आहे. निदान सिरियल नंबर आणि ज्या ईमेलवर लायसन्स आहे त्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. तो ईमेल दुसऱ्याच कुणाच्या नावाचा निघतो असं खूपदा होतं, त्यामुळे हे आदल्या दिवशीच तपासा.

मग एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणं. अलीकडच्या लॅपटॉपांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर मालकाला न कळता चालू झालेलं असतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत (विंडोज १० असेल तर अपडेट अँड सिक्युरिटीत) जाऊन बघा. चालू असेल तर बंद करा आणि पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, याला तास-दोन तास लागू शकतात. रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, ४८ अंकी असते आणि बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवून ठेवा.

सी ड्राइव्हवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. चुका असतील तर दुरुस्त होऊ द्या. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शटडाउन केलेली विंडोज खरं तर अर्धवट झोपलेली असते आणि क्लोन प्रोग्राम तिला हात लावायला नकार देतात. शेवटी स्टार्टमध्ये "सिस्टम इन्फॉर्मेशन" शोधून बायोस मोडसमोर यूईएफआय आहे की लेगसी ते लिहून ठेवा. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा स्वतःचा प्रोग्राम, यूईएफआय त्याची नवी पद्धत, लेगसी जुनी. पुढे अडलात तर हा एक शब्द कामाला येतो.

आणि लाइट. आपल्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो, दुपारी फिडर ट्रिप होतो, आणि क्लोन अर्ध्यात असताना डेस्कटॉप बंद पडला तर सगळं पहिल्यापासून. सकाळी लवकर किंवा रात्री काम काढा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असावा, डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असावा. छोट्या यूपीएसवर क्लोन पूर्ण होत नाही, तो फक्त नीट बंद करायला वेळ देतो.

क्लोन

नवी एसएसडी केबलने जोडा. यूएसबीचं पोर्ट निळं असेल ते निवडा. काळ्या, जुन्या यूएसबी २ वर सेकंदाला ३०-३५ एमबीच मिळतात, म्हणजे ३०० जीबीला अडीच तासांच्या आसपास. निळ्यावर जुन्या डिस्कचा स्वतःचा वेग आड येतो, तरी तेच काम तासाभरात आटोपतं. नवी डिस्क "धिस पीसी"मध्ये दिसत नाही म्हणून घाबरू नका, तिच्यावर अजून पार्टिशनच (डिस्कचा आखलेला भाग) नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे ती खाली काळ्या पट्टीत दिसेल. "इनिशियलाइझ" विचारलं तर रद्द केलं तरी चालतं.

दोन रस्ते आहेत. सॅमसंग आपल्या डिस्कसाठी स्वतःचा प्रोग्राम देते, क्रुशियल आणि वेस्टर्न डिजिटल आपापल्या ग्राहकांना अ‍ॅक्रोनिसची मोफत आवृत्ती देतात. हे विंडोजमध्येच चालतात आणि नवख्याला सोपे पडतात. दुसरा रस्ता रेस्क्यूझिला: मोफत, कोणत्याही कंपनीच्या डिस्कला चालतो. त्याची फाइल रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर टाकायची आणि मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचं. बूट मेनूसाठी (मशीन कशावरून चालू करायचं ती यादी) बऱ्याच मशीनना एफ१२, एचपीला एस्केप किंवा एफ९. पेनड्राइव्ह उचललाच नाही तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा.

रेस्क्यूझिलात "क्लोन" निवडलं की तो दोनदा डिस्क विचारतो: आधी सोर्स, म्हणजे जिच्यातून घ्यायचं ती जुनी. मग डेस्टिनेशन, म्हणजे जिच्यावर लिहायचं ती नवी. सगळ्या कामात हात थरथरावा अशी जागा एवढीच आहे. उलटं निवडलं तर रिकामी एसएसडी भरलेल्या डिस्कवर ओतली जाईल आणि सगळं जाईल. यादीत नावं एसडीए, एसडीबी अशी येतात. एसडीए म्हणजे जुनीच असं धरून चालू नका, तो क्रम बदलतो. मॉडेलचं नाव वाचा, क्षमता वाचा, आत विंडोजची पार्टिशनं कुठे दिसतात ते बघा. दोन्ही एकाच मापाच्या असतील तर मॉडेल नंबर खोक्याशी ताडून बघा. बाकीचे सगळे पेनड्राइव्ह, बाहेरच्या डिस्क आणि विशेषतः कालचा बॅकअप काढून ठेवा, म्हणजे यादीत चुकायला जागाच राहत नाही. मग शेजारच्या माणसाला स्क्रीन दाखवून मोठ्याने वाचा: "यातून, त्यात." पार्टिशनं सगळी निवडा, छोटी १०० एमबीची ईएफआयसुद्धा. विंडोज चालू होते ती तिच्यामुळेच.

पट्टी पुढे सरकत असताना मशीनला हात लावू नका, केबल ताणली जाणार नाही असं ठेवा.

बसवणं आणि पहिली सुरुवात

शटडाउन करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, नसेल तर आतली कनेक्टरवरून सोडवा. पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा. हिवाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. तेव्हा आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर उघडं मशीन ठेवू नका, ओल आणि थेंब दोन्ही आत जातात. जिनिंगच्या परिसरातल्या दुकानांतल्या पंख्यांवर कापसाचा थर बसलेला असतो, उघडलंच आहे तर पंखा बोटाने धरून ब्लोअरने उडवून घ्या.

साटा डिस्क जुनीच्या जागी सरकवा. एम डॉट टू मात्र साधारण ३० अंश तिरपी धरून खाचेत पूर्ण आत घालायची, मग दाबून स्क्रू लावायचा. सांध्याच्या सोनेरी पट्ट्या अर्ध्या बाहेर दिसत असतील तर ती बसलेली नाही.

पहिली सुरुवात फक्त नव्या डिस्कवर करा, जुनी मशीनमधून सुटी हवी. नकलेत डिस्कची ओळखही तीच उतरलेली असते. दोन्ही जोडल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकते, किंवा मशीन गुपचूप जुन्यावरूनच चालू होतं आणि "एसएसडी टाकली तरी फरक नाही" असं वाटतं.

"नो बूटेबल डिव्हाइस" आलं तर बायोसमध्ये जा आणि लिहून ठेवलेला शब्द बघा. यूईएफआय असताना लेगसी निवडलेलं असेल, किंवा उलट. बूट यादीत "विंडोज बूट मॅनेजर" वर आणा. निळ्या स्क्रीनवर "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" दिसलं तर बायोसमधला साटा मोड एएचसीआय, रेड किंवा व्हीएमडी जो आधी होता तोच आहे का ते बघा. साटावरून एनव्हीएमईवर गेलेल्या मशीनला एकदा सेफ मोडमध्ये चालू केलं की ती ड्रायव्हर लावून घेते आणि पुढे नीट चालते. काहीच जमलं नाही तर जुनी डिस्क परत लावा. मशीन कालच्यासारखं चालेल, तुम्ही शांतपणे दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा.

चालू झाल्यावर

सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन बघा. "ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्स" उघडा, डिस्कसमोर "सॉलिड स्टेट ड्राइव्ह" लिहिलेलं दिसायला हवं. पुढचं ट्रिमचं, म्हणजे पुसलेली जागा मोकळी करून ठेवायचं काम विंडोज स्वतः करते, बाहेरचा डिफ्रॅग प्रोग्राम असेल तर काढून टाका. टॅली उघडा, एक पावती छापा, टोकन लावून एक डिजिटल सही करून बघा, स्कॅनरवर बोट ठेवून बघा. ग्राहक समोर असताना कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

मोठी डिस्क घेतली असेल तर उरलेली जागा "अनअलोकेटेड" दिसते, आणि सी वाढवायला गेलं की "एक्सटेंड" पुसट असतं. कारण सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. रेस्क्यूझिलाच्या पेनड्राइव्हवर जीपार्टेड आहे, त्याने ते शेवटी सरकवून सी वाढवता येतं. नवख्याने त्या भानगडीत न पडता मोकळ्या जागेचा डी ड्राइव्ह करावा आणि कामाच्या फाइली तिथे ठेवाव्यात, असं माझं मत.

जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून तारीख लिहून कपाटात ठेवा, महिनाभर तरी. उत्सुकतेपोटी ती लगेच यूएसबीला जोडू नका. विंडोज तिला ऑफलाइन दाखवेल, आणि तुम्ही ऑनलाइन केलीत की तिची ओळख बदलेल. मग जुन्या एमबीआर पद्धतीच्या, म्हणजे लेगसी मशीनमधल्या डिस्कवरून मशीन पुन्हा चालू होईलच असं नाही. महिना निर्धास्त गेला की तिला यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपची डिस्क करा. विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर सेवा केंद्रवाल्यांनी विशेष जपायला हवं, कारण तिच्यावर गावातल्या लोकांचे आधार, पॅन, पासबुक यांचे स्कॅन आहेत. फॉरमॅट करताना "क्विक फॉरमॅट"ची खूण काढा, म्हणजे विंडोज पूर्ण पार्टिशनवर शून्यं लिहिते. १ टीबीला साधारण तीन तास लागतात, तेवढे लागू द्या.